पहिल्या दहा पानांचा कांगावा

लंडन-न्यूयॉर्कचे साहित्यिक एजंट नवोदिताच्या कादंबरीची जेमतेम पहिली दहा पाने वाचतात आणि पुढचे न मागताच नकार कळवतात, हा किस्सा आपल्याकडच्या परिसंवादांत हमखास निघतो. सांगणारा अशा सुरात सांगतो की सभागृहाने हळहळावे. पुढची वाक्ये मग ठरलेली. हे लोक दलाल. त्यांना साहित्य नको, माल हवा. त्यांचा साचा पक्का : एक खून, एक प्रेमप्रकरण, शेवटी एक धक्का. बरे झाले, मराठीत ही जमात नाही. टाळ्या.

या टाळ्यांना माझी हरकत आहे. त्यांच्यामागे लोकप्रिय कादंबरीबद्दलची जुनी तुच्छता आहे आणि आपल्या घरच्या ग्रंथव्यवहाराचा सोयीस्कर विसर आहे.

दहा पानांपासूनच सुरुवात करू. अमेरिकेतला एजंट बहुधा एका पानाचे पत्र आणि सुरुवातीची पाच-दहा पाने मागतो. ब्रिटनमधला पत्र, कथानकाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे मागतो. आवडले तर पूर्ण हस्तलिखित मागवले जाते. नावाजलेल्या कचेरीत वर्षाला अशी हजारो पत्रे येतात आणि त्यांतून घेतलेले नवे लेखक बोटांवर मोजता येतात. यात अन्याय कुठे झाला? पुस्तकाच्या दुकानात उभा असलेला माणूस दहा पानेही वाचत नाही. मलपृष्ठ बघतो, मधले एखादे पान उलटतो, किंमत पाहतो आणि जागेवर ठेवून देतो. लोकप्रिय कादंबरी लिहायला बसणाऱ्याने या माणसासाठीच लिहायचे असते. ज्याला हे मंजूर नाही त्याने दुसऱ्या जातकुळीची कादंबरी लिहावी, तिलाही मान आहे. पण ‘माझी कादंबरी साठाव्या पानानंतर पकड घेते’ ही तक्रार नसून पहिल्या एकोणसाठ पानांबद्दलचा कबुलीजबाब आहे.

मग त्या दहा पानांत शोधतात तरी काय? पहिल्याच पानावर प्रेत टाकले की काम झाले, अशा समजुतीने लिहिलेली हस्तलिखितेही ढिगाने परत जातात. मेलेला माणूस कोण हेच ठाऊक नसेल तर वाचकाला त्याचे वाईट कशाला वाटेल? एजंट मंडळी मुलाखतींत, कार्यशाळांत पुन्हा पुन्हा जे सांगतात ते याहून साधे आणि याहून अवघड आहे. त्यांना आधी सांगणाऱ्याचा आवाज हवा असतो. दुसऱ्या कुणी ही गोष्ट याच शब्दांत सांगितली नसती अशी खात्री पहिल्या परिच्छेदात पटायला हवी. नंतर पाहतात ते हे, की गोष्टीतल्या माणसाला काहीतरी हवे आहे का, आणि ते मिळाले नाही तर त्याचे काय जाईल. नायक झोपेतून उठतो, आरशात पाहून स्वतःचे वर्णन करतो, खिडकीबाहेर पाऊस पडत असतो, मग आठ पाने बालपण : अशा सुरुवातीला नकार मिळतो तो साच्यात न बसल्यामुळे नव्हे. उलट ती साच्यातूनच निघालेली असते.

आपल्याकडचे हस्तलिखित तर याच्याही मागून सुरू होते. आधी अर्पणपत्रिका, मग लेखकाचे मनोगत, मग एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना, तीत लेखकाच्या साधेपणाचे कौतुक. गोष्ट उजाडेपर्यंत वाचकाचा चहा निवतो. प्रस्तावना बघून कोणताही परदेशी एजंट हस्तलिखित मागवणार नाही, आणि मला यात त्याची चूक दिसत नाही.

सारांशाबद्दलही आपल्या लेखकांचा एक लाडका आक्षेप असतो. शेवट आधीच सांगितला तर मजा काय राहिली? मजा वाचकासाठी राखून ठेवायची असते. एजंट या टप्प्यावर वाचक नसतो, तो जोखीम घेणारा असतो. खुनी कोण हे त्याला कळायला हवे, कारण खुनी तोच असणे आधीच्या तीनशे पानांतून निपजते की शेवटच्या प्रकरणात आकाशातून पडते, हे त्याला तपासायचे असते. शब्दसंख्येचेही तसेच. बहुतेक लोकप्रिय कादंबऱ्यांसाठी ८० हजार ते १ लाख शब्दांची अपेक्षा असते. कागद, छपाई आणि किंमत यांचे गणित त्यामागे आहे. ‘मग विक्रम सेठच्या जाडजूड “अ सुटेबल बॉय”चे काय?’ असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती १९९३ साली आली तेव्हा सेठ नवखा नव्हता. ‘द गोल्डन गेट’ १९८६ मध्येच गाजून गेली होती.

पण आक्षेपांची खरी जड तोफ आहे ती एका ओळीच्या सांगण्यावर. कादंबरी एका-दोन वाक्यांत सांगा म्हणतात. जीवनाचा एवढा मोठा पट दोन वाक्यांत मावतो का? इथे आक्षेप घेणाऱ्यांना पुस्तक वाचकापर्यंत पोचते कसे याची कल्पनाच नसते. एजंटाला हस्तलिखित आवडले की तो ते संपादकाला पाठवतो, सोबत दोन वाक्ये लिहून. संपादकाला आवडले तरी त्याच्या एकट्याच्या हाती काही नसते. विक्री, प्रसिद्धी, हिशेब पाहणाऱ्यांच्या बैठकीत त्याला ते मांडावे लागते, आणि त्या बैठकीतल्या बहुतेकांनी ते वाचलेले नसते. त्यांचा प्रतिनिधी दुकानदाराला सांगतो. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक वाचते, आणि आवडले तर बहिणीला फोनवर सांगते. या सगळ्या वाटेवर पुढच्याला पूर्ण कादंबरी कुणालाच सांगता येत नाही, हाती फक्त ती दोन वाक्ये असतात. ती जर लेखकालाच सापडली नसतील तर शेवटच्या बहिणीपर्यंत काय पोचणार?

पॉला हॉकिन्सचे उदाहरण घ्या. ॲमी सिल्व्हर या टोपणनावाने तिने हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. त्या फारशा चालल्या नाहीत. पैशांची ओढाताण सुरू असताना तिने एक वेगळीच, अर्धवट लिहिलेली गोष्ट एजंटाला दाखवली : रोज लोकलगाडीतून जाणारी, दारूच्या आहारी गेलेली एक बाई खिडकीतून एका घरातले जोडपे पाहते, त्यांच्या सुखाच्या कथा मनात रचते, आणि एक दिवस तिला नको ते दिसते. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ २०१५ मध्ये आली आणि जगभर खपली. वरचे एक वाक्य ऐकून चर्चगेटहून विरारला जाणाऱ्या कुणालाही पुढे काय झाले असे विचारावेसे वाटेल. यात साहित्याचा अपमान कसला? त्या वाक्यात एकटेपणा आहे, हेवा आहे आणि सांगणारीवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न आहे. कादंबरी तिथेच सुरू झाली.

एजंट नुसता गाळणी लावून बसतो हाही गैरसमज. ‘रायटर्स हाउस’ ही न्यूयॉर्कची संस्था काढणारे अल्बर्ट झुकरमन हे केन फॉलेटचे एजंट होते. फॉलेटने आधी टोपणनावांनी बरीच पुस्तके लिहिली होती, त्यांना कुणी विचारले नव्हते. १९७८ च्या ‘आय ऑफ द नीडल’ने त्याचे नाव झाले. झुकरमन यांनी १९९४ मध्ये लोकप्रिय कादंबरी कशी रचावी यावर एक पुस्तक लिहिले, त्यात फॉलेटच्या ‘द मॅन फ्रॉम सेंट पीटर्सबर्ग’चे एकामागून एक केलेले आराखडे छापले आहेत. लेखनाचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावेत. १९१४ सालचे लंडन, गुप्त तहासाठी आलेला रशियन राजपुत्र, त्याला मारायला आलेला क्रांतिकारक : एवढा ऐवज कुणालाही सुचला असता. प्रसिद्ध कादंबरीत मात्र ज्या उमरावाच्या घरी तो राजपुत्र उतरला आहे त्याची बायको ही त्या मारेकऱ्याची पूर्वीची प्रेयसी असते, आणि घरातली मुलगी त्याचीच निघते. आता बाँब कुणावर टाकायचा? जो प्रश्न राजकारणाचा होता तो रक्ताच्या नात्याचा झाला. आराखड्यांवर आराखडे करून हे घडवले गेले. अशी मेहनत घेण्यासाठी एजंटाला त्या टप्प्यावर एक पैसाही मिळत नसतो. पुस्तक विकले गेले तरच त्याची १५ टक्के दलाली, परदेशी हक्कांवर बहुधा २०.

हो, दलालीच. ती लपवायचे कारण नाही. १८८० च्या आसपास लंडनमध्ये ए. पी. वॉटने हा व्यवसाय १० टक्क्यांवर सुरू केला. थॉमस हार्डी, कॉनन डॉइल आणि आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंग त्याचे अशील होते. या माणसांना बांडगूळ ठरवण्याची मोहीम तेव्हा कुणी चालवली? लेखकांनी नव्हे. विल्यम हाइनमनसारख्या प्रकाशकाने. कारण उघड होते. वॉट मध्ये आल्यापासून प्रकाशकाला लेखकाला जास्त द्यावे लागत होते. सव्वाशे वर्षांपूर्वी प्रकाशकांनी घातलेली शिवी आज आपले लेखक स्वतःच्याच बाजूच्या माणसाला घालतात, हे मला तरी गमतीचे वाटते.

साच्याच्या आरोपाला उत्तर द्यायला मला एजंटाची साक्षही नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात एक खटला चालला. पेंग्विन रँडम हाउसला सायमन अँड शुस्टर ही प्रकाशनसंस्था गिळायची होती आणि अमेरिकी सरकारने हरकत घेतली होती. तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथप्रकाशन कंपनीच्या प्रमुखाने शपथेवर सांगितले की या धंद्यात यश म्हणजे योगायोगाचा मामला आहे, कोणते पुस्तक गाजेल ते आधी सांगता येत नाही. ज्यांच्याकडे विक्रीचे सगळे आकडे आहेत त्यांच्याकडे साचा नाही, आणि आपल्या परिसंवादातल्या वक्त्याला मात्र तो पाठ आहे! साचा असता तर एजंट लागलाच नसता. कारकून पुरला असता.

आता ती नेहमीची नावे. रोलिंगला बारा प्रकाशकांनी नाकारले, अमिशला विसेक प्रकाशकांनी, ग्रिशॅमची पहिली कादंबरी कुणी घेईना. ही यादी एजंटांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून वाचली जाते. जरा नीट वाचा. हॅरी पॉटरला नकार देणारे ते बारा जण प्रकाशक होते. होकार आला तो ख्रिस्तोफर लिटल नावाच्या एजंटाच्या कचेरीतून, तोही मुलांची पुस्तके तिथे घेतच नसताना. परत पाठवायच्या गठ्ठ्यातून ती पाने एका सहायक मुलीने काढली, वाचली आणि साहेबांच्या मागे लागली. तिला पुढची पाने हवीशी वाटली, इतकेच. अमिशचेही असेच. ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’च्या मागे उभे राहिले ते दिल्लीच्या खान मार्केटमधल्या पुस्तकविक्रेत्या घराण्यातले एजंट अनुज बाहरी. २०१० मध्ये पुस्तक निघाले तेव्हा पहिले प्रकरण वेगळे छापून दुकानांच्या गल्ल्यावर फुकट ठेवले होते. पहिल्या पानांवर एवढा विश्वास ठेवणारा मुंबईचा हा बँकवाला, त्याला कुणी दहा पानांबद्दल रडताना ऐकले नाही. ग्रिशॅमची पहिली कादंबरी १९८९ मध्ये अवघ्या ५,००० प्रतींची निघाली, पण तिच्यासाठी खटपट करणारा एक एजंटच होता, आणि १९९१ च्या ‘द फर्म’चे चित्रपट हक्क त्याच माणसाने प्रकाशक ठरण्याआधी विकून दाखवले.

कॅथरिन स्टॉकेटचे उदाहरण मात्र उलट दिशेने जाते, आणि ते टाळणे बरोबर नाही. ‘द हेल्प’ ६० एजंटांनी नाकारली, ६१ व्या बाईंनी घेतली. साठ जण चुकले असे म्हणायला जागा आहे. पण नकारांच्या त्या साडेतीन वर्षांत स्टॉकेट नकारपत्रे मोजत बसली नव्हती. दर खेपेला ती पुन्हा लिहीत होती, त्यामुळे ६१ व्या एजंटाने वाचली ती कादंबरी पहिल्याने वाचलेली नव्हती.

एजंटांवर खरी टीका करायची असेल तर जागा दुसरीकडे आहे, आणि तिथे आपले टीकाकार फिरकतच नाहीत. ‘मन गुंतले नाही’ हे नकाराचे ठरलेले कारण. मन कुणाचे? न्यूयॉर्क आणि लंडनच्या या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे बहुतांश गोरी, सुस्थितीतली, त्याच त्याच विद्यापीठांतून आलेली माणसे बसली आहेत. त्यांचे मन कशात गुंतते याला त्यांच्या जगण्याच्या सीमा आहेत. २०२० च्या जानेवारीत ‘अमेरिकन डर्ट’ आली. मेक्सिकोतून पळणाऱ्या आई-मुलाची गोष्ट, लेखिकेला सात आकडी डॉलर आगाऊ मिळालेले. मेक्सिकन वंशाच्या लेखकांनी विचारले, हेच आम्ही लिहितो तेव्हा तुमच्या थैल्या का उघडत नाहीत? त्याच वर्षी जूनमध्ये अनेक लेखकांनी आपापल्या आगाऊ रकमा जाहीर केल्या, तेव्हा काळ्या आणि गोऱ्या लेखकांतली तफावत उघडी पडली. ‘अलीकडच्या कोणत्या पुस्तकासारखे आहे ते सांगा’ ही एजंटांची मागणीही याच दोषाला खतपाणी घालते, कारण ज्यांची पुस्तके आधी निघालीच नाहीत त्यांनी कुणासारखे म्हणायचे? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण तो बाजारात उतरल्याबद्दलचा आक्षेप नाही. बाजाराची कल्पना तोकडी ठेवल्याबद्दलचा आहे.

आणि आता घराकडे वळू. मराठीत एजंट नाही याचे श्रेय आपण आपल्या साहित्यनिष्ठेला देतो. हिशेब करून पाहा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, मानधन १० टक्के. एकूण एक प्रत खपली तर लेखकाला ३०,००० रुपये. त्यातले १५ टक्के म्हणजे एजंटाला ४,५००, तेही आवृत्ती संपेल तेव्हा. वरच्या खटल्यात सरकारने अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम मिळणाऱ्या पुस्तकांना मोठ्या खपाची मानले होते. तिथला वाटा ३७,५०० डॉलर होतो. आपल्याकडे एजंट नाही, कारण त्याचे पोट भरत नाही.

शिवाय आपल्याकडे पैसा उलट्या दिशेने वाहतो. नवोदित लेखक प्रकाशकाला पैसे देतो, प्रती स्वतः विकत घेतो, प्रकाशन समारंभाच्या सभागृहाचे भाडे भरतो, आणि उरलेले गठ्ठे घरच्या माळ्यावर ठेवतो. सगळेच प्रकाशक असे नाहीत. पण अशा पुस्तकांचे प्रमाण किती हे ग्रंथप्रदर्शनात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिकडे एजंटांच्या व्यावसायिक संघटनेच्या नियमांत हस्तलिखित वाचण्याचे पैसे लेखकाकडून घेणे निषिद्ध आहे. जो घेतो तो एजंट नव्हे, भामटा समजला जातो. मग दलाल कोण? लेखकाने कमावले तरच कमावणारा, की लेखकाकडूनच कमावणारा?

लोकप्रिय कादंबरीची आपल्याला मुळात लाज वाटते, हे या सगळ्याचे मूळ आहे. तशी ती वाटण्याचे कारण नव्हते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले त्याचे नावच ‘करमणूक’ ठेवले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच हप्त्याहप्त्याने दिली. पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. नंतर आपण करमणूक आणि साहित्य यांच्यात भिंत बांधली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. नारायण धारपांनी भयकथेला वाचक मिळवून दिला, सुहास शिरवळकरांनी कॉलेजातल्या पोरांना कादंबरी हातात धरायला लावली. समीक्षेने या सगळ्यांना वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेत ढकलले. मराठीत असा एखादा लेखक आज लिहू लागला तर त्याचे पहिले हस्तलिखित वाचून ‘तिसरे प्रकरण पहिले कर, आणि या बाईला काय हवे आहे ते मला कळले नाही’ असे सांगणारे कोण आहे? श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाच्या संहितेवर अशी मेहनत घेत; ती वेगळ्या प्रकारच्या साहित्यावर होती, पण काम हेच होते. आता बऱ्याच ठिकाणी मुद्रितशोधन झाले की संपादन झाले असे धरतात. दरम्यान मराठी वाचक ग्रिशॅम आणि जेफ्री आर्चर अनुवादातून वाचतो आहे. म्हणजे त्याची करमणुकीची भूक संपलेली नाही. ती परक्या एजंटांनी निवडलेल्या पुस्तकांवर भागते आहे.

मराठीत एजंट यावेत अशी मागणी मी करत नाही, वरचे ४,५०० रुपये तसे होऊ देणार नाहीत. मागणी प्रकाशकांकडे आहे. कादंबरीसाठी काय पाठवायचे ते जाहीर करा : एक पानाचे पत्र, शेवटासकट सारांश, पहिली तीन प्रकरणे, प्रस्तावना नको. उत्तर किती महिन्यांत देणार ते सांगा आणि त्या मुदतीत हो किंवा नाही कळवा. वाचण्याचे, छापण्याचे पैसे लेखकाकडून घेऊ नका. आणि रहस्य, भय, प्रेम, साहस लिहिणाऱ्यांची हस्तलिखिते वाचण्यासाठी असा एक तरी माणूस पगारावर नेमा, ज्याला ती वाचायला आवडतात.